पाव फेरा मागे

मोतीबिंदू काढल्यावर बाबांच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली आणि घरात पहिली बातमी आली ती निळ्या रंगाची. "निळा असा असतो, हे मी विसरूनच गेलो होतो," असं ते दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाले, आणि घरी येईपर्यंत टॅक्सीच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या, कुणाचा तरी स्वेटर, पुलाचे कठडे, जे जे निळं असेल ते बोटाने दाखवत राहिले. आत्या म्हणाल्या, हा आता दारोदार निळं हुडकत हिंडणार. रविवारी सगळे घरच्या दिव्यांच्या कारखान्याच्या माडीवर जेवायला जमले ते या डोळ्याच्या निमित्ताने.

धाकटीचं निमित्त वेगळं होतं. ती आली, बाबांच्या गालाला गाल लावला, खुर्चीवर बसली, पण अंगातला कोट काही काढला नाही.

नदीवरून धुकं आलं होतं आणि माडीच्या मोठ्या खिडक्यांशी रेलून उभं होतं. छताच्या आकड्यांना टांगलेले काचेचे गोळे त्या पांढुरक्या उजेडात न लावताच अर्धवट पेटल्यासारखे दिसत. त्यांच्याखाली लांबलचक जुनं टेबल. एकेकाळी त्यावर काम चाले, म्हणून त्याच्या कडेला धातू जोडताना डाग दिल्याच्या काळ्या खुणा. लहानपणी धाकटीला त्या खुणा बेटांसारख्या वाटत. शुक्रवारपासून ती पुन्हा त्या बेटांवरच होती, आणि कुणाला सांगता येत नव्हतं.

शुक्रवारी नगरपालिकेच्या जुन्या सभागृहात भरदिवसा रात्र केली होती. खिडक्यांना काळे पडदे, दाराच्या फटीत कापड. आत दोरीला टांगलेले दिवे, नदीकाठच्या रस्त्यासाठी मागवलेले नमुने. कुणावरही नाव नाही, शिक्का नाही, नुसता आकडा. किमतीची पाकिटं समितीच्या अध्यक्षबाईंच्या कपाटात कुलपात; ती गुण देऊन झाल्यावरच उघडायची. खरेदी विभागाची तपासणीस म्हणून ही पद्धत धाकटीनेच भांडून भांडून आणली होती. त्याआधी नगरपालिका डोळे मिटून सर्वांत स्वस्त ते उचलायची. ते दिवे उघडताच येणार नाहीत असे सील करूनच यायचे. आतला एक तुकडा निकामी झाला की सबंध दिवा भंगारात. आवारात मेलेल्या दिव्यांचा ढीग झाला, नदीकाठचा रस्ता अर्धा आंधळा झाला, आणि शाळेची पोरं हिवाळ्यात मोबाइलच्या उजेडात पाय टाकत घरी जाऊ लागली. म्हणून आता दिवा तापवायचा, गार करायचा, पुन्हा तापवायचा आणि मग साध्या पेचकसाने उघडून पाहायचा. उजेड रस्त्यावर पडतो की चालणाऱ्याच्या डोळ्यांत घुसतो, ते पाहायचं. सुटे भाग किती वर्षं मिळतील आणि करणाऱ्यांना मजुरी वेळेवर मिळते का, हेही विचारायचं.

चौथ्या नमुन्यापाशी तिचा हात थांबला. बाकीच्यांचे स्क्रू तापून धरून बसले होते; हा फिरला. आधी किंचित सैल, मग आज्ञाधारक, आणि मग तळहातात येऊन पडला. त्या अंधारात, ओंजळभर उजेडात, ती एकदम शाळेतली मुलगी झाली. मागे बाबा उभे. "घट्ट बसव. बसला? आता पाव फेरा मागे. तापला की धातू फुगतो. त्याला कुठेतरी जागा हवी की नको?" खाली ते एक नागमोडी चकती घालत, म्हणजे स्क्रू सैल पडून निसटत नसे. धंद्यातले लोक या पाव फेऱ्याला हसायचे. दुसरं कुणीच तसं करत नव्हतं.

तिने चौथ्या नमुन्याला सगळ्यांत जास्त गुण दिले. ते लिहून पेन्सिल खाली ठेवली, आणि मग तिला घाम फुटला. स्क्रू खरंच हलका फिरला होता, की ओळखीचा म्हणून हाताला हलका लागला?

"काय मोजपट्टी," दादा आता, रविवारच्या टेबलावर, सूप वाढून घेत म्हणाला, "कोट अंगावरच? पळायच्या तयारीने आलीस का?"

"थंडी वाजतेय."

"माझ्याकडे बघ रे," आत्या बाबांना म्हणाल्या. त्या बाबांपेक्षा मोठ्या, आणि हे त्यांनी आयुष्यात कुणालाच विसरू दिलं नव्हतं. "नव्या डोळ्याने सांग, किती सुरकुत्या?"

"खरं सांगू की खोटं?"

"जेवायच्या आधी खोटं सांग. जेवण झाल्यावर खरं. पचायला सोपं जातं."

वहिनी हसली. ती टेबलाच्या टोकाला उकडलेले बटाटे सोलत होती, बोटं भाजत असूनही शांतपणे. ती मूळची नाटकवाली. रंगमंचावरच्या उजेडाचं काम करायची. एकदा बिघडलेला दिवा दुरुस्तीला घेऊन या कारखान्यात आली आणि दिवा परत गेला तरी ती राहिली, असं दादा पाहुण्यांना सांगत असे.

"दादा, जरा खाली येतोस?" धाकटीने विचारलं.

"खाली कशाला? इथेच बोल. या टेबलावर लपवालपवी चालत नाही, बाबांचा कायदा आहे."

धाकटीने चमचा खाली ठेवला. "मी का विचारतेय ते मला सांगता येणार नाही. फक्त उत्तर दे. नदीकाठच्या रस्त्यासाठी या घरातून दिवा गेलाय का?"

सुपाच्या वाफेपलीकडे दादाचा चेहरा हळूहळू बदलला. आधी त्याला कळलं नाही, मग कळलं, मग लागलं.

"हे तू मला विचारतेस?"

"हो."

"तुला नोकरी लागली तेव्हा याच टेबलावर मी शब्द दिला होता. तू तिथे आहेस तोवर या कारखान्याचा एक दिवा नगरपालिकेच्या दारात येणार नाही. तेव्हापासून मी त्या इमारतीवरून जाताना पलीकडच्या फुटपाथने जातो. शब्द पाळता पाळता हा कारखाना वाळून गेला. टेबलावरचे दिवे विकतोय, लोकांच्या झुंबरांचे लोलक पुसून देतोय. महिनाअखेर खालची यंत्रं बघायला माणूस येणार आहे. विकायला काढलीत, माहीत आहे ना? आणि तू कोट घालून बसून मला विचारतेस."

"हिला विचारायला जीभ तरी कशी रेटली," आत्या म्हणाल्या. "अगं, तो तुझा भाऊ आहे. ठेकेदार नाही."

"म्हणूनच विचारलं, आत्या."

"बाबांना पण विचार मग," दादा म्हणाला. "तेही संशयित."

बाबांनी हात टेबलावर पसरून दाखवले. दोन्ही हात बारीक थरथरत होते, पाण्यावर पडलेल्या सावलीसारखे. "माझ्या हातून पेचकस निसटतो," ते म्हणाले. "मी काय पाठवणार?" मग जणू हे बोलणं लांबून कुठून तरी ऐकू येत असावं तसे ते छताकडे बघत राहिले. "दिवे लाव रे. सगळे. मला बघायचेत."

दादा रागातच उठला. रागावला तरी बाबांचं ऐकायचं ही त्याची जुनी खोड. तो भिंतीवरची बटणं एकेक करून दाबत गेला आणि माडीवर एकेक चंद्र उगवत गेला. दुधी, मधाळ, हिरवट. खिडकीतल्या धुक्यात त्यांची दुसरी रांग उमटली, तिच्यामागे तिसरी. बाबांना नव्या डोळ्याने प्रत्येक उजेडाभोवती कडं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले होते, काही दिवस दिसेल. ते ती कडी बोटाने हवेत गिरवू लागले.

"याला आहे. याला आहे. याला दोन आहेत." ते खिडकीजवळ थांबले. "याला नाही. हा कुणाचा?"

तो दिवा इतरांहून वेगळा होता. त्याची टोपी खोल होती आणि उजेड तिच्यातून बाहेर पसरत नव्हता, खाली उतरत होता, पायऱ्या उतरणाऱ्या माणसासारखा सावकाश. फरशीवर गोल तळं साचलं होतं. डोळ्यांत काहीच घुसत नव्हतं.

धाकटीने असाच एक शुक्रवारी दोरीला टांगलेला पाहिला होता.

"हिचं काहीतरी असेल," दादा म्हणाला. "मागच्या खोलीत खुडबुड चालू असते हिची."

"माझा आहे," वहिनी म्हणाली आणि हातातला बटाटा सोलून पूर्ण केला. "दोन मदतनीस ठेवल्यात ना मागे, त्यांच्यासोबत केला. आणि हो, नदीकाठच्या रस्त्यासाठी एक गेलाय. माझ्या नावाने, मागच्या खोलीच्या पत्त्यावरून."

काचेचा एक गोळा तापून बारीकसा कुरकुरला.

"मला न सांगता?" दादाचा आवाज एकदम लहान झाला होता.

"सांगितलं असतं तर तुझा शब्द मोडला असता. न सांगितल्यामुळे तो अजून शाबूत आहे."

"हिने वकील व्हायला हवं होतं," आत्या म्हणाल्या.

"वहिनी," धाकटी म्हणाली, "पण शब्द..."

"शब्द त्याने दिला. मी तेव्हा चहा करत होते. मला कुणी हाक मारली का? तुम्ही भावाबहिणींनी आपसांत ठरवलंत की या घराने दिवे करायचे नाहीत. बरं. पण मी या घरात आले तीच दिव्यासाठी." तिच्या बोलण्यात राग नव्हता, स्टेजवर कुठला दिवा कधी मंद करायचा हे समजावून सांगावं तसं ती सांगत होती. "तुझ्या दादाने विजेवरचा पेचकस आणला तेव्हा बाबांना पाव फेरा शिकवायला कुणी उरलं नव्हतं. मी शिकले."

बाबांनी मान हलवली. "दुपारची शिकायची. हा झोपला की."

"फॉर्मवर नाती विचारली होती," धाकटी म्हणाली. "तू काय लिहिलंस?"

"जे खरं ते. पती, पत्नी, आईवडील, भावंडं, मुलं, यांपैकी नगरपालिकेत कुणी आहे का? नाही. आईवडील राहिले नाहीत, भाऊ जहाजावर आहे, मुलगी शाळेच्या सहलीला गेलीय आणि नवरा हा इथे बसून बटाटे गार करतोय. मी तीनदा वाचलं. नणंद त्यात नव्हती."

सगळ्यांत आधी आत्या हसल्या. मग हसू आवरेना म्हणून रुमाल तोंडाशी धरला. "नणंद विसरले! सगळं गाव लक्षात ठेवलं आणि नणंद विसरले! कुणी केली गं ती यादी?"

"मी," धाकटी म्हणाली.

आता बाबाही हसले. दादाने हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्याचे खांदे हलले. धाकटीला ती दुपार आठवली: ऑफिसची खिडकी, पुढ्यात कोरा कागद, एकेक नातं लिहून त्यापुढे बरोबरची खूण. कुणाकुणाला कुणाचा फायदा होऊ शकतो याचा तिने किती विचार केला होता. यादी करणारी स्वतःच एक नणंद, आणि ती काही यादीत आली नाही. हातात आरसा घेऊन सगळ्या खोलीला चेहरे दाखवावेत आणि आपला तेवढा राहून जावा, तसं.

"झालं तर मग," आत्या म्हणाल्या. हसता हसता त्यांनी बाजू बदलली होती. "नियमात बसतंय. खोटं कुणी बोललं नाही. तू उद्या जा, सही कर, गप्प बस. दिवा बरा आहे ना?"

"मला माहीत नाही."

"तुझ्यासारखीला माहीत नाही?"

"माहीत होतं. मग हात ओळखला. आता माहीत नाही." बोलून गेल्यावर तिला कळलं की हेही बोलायचं नव्हतं. वहिनीने मान वर केली.

"म्हणजे तुला बरा वाटला होता."

"वहिनी, ते विचारू नकोस."

"बरं. नाही विचारत."

"मी उद्या अध्यक्षबाईंना सांगणार आहे," धाकटी म्हणाली. "पाकिटं उघडायच्या आधी."

"आणि त्यांनी हिचा दिवा बाद केला तर?" दादा पुढे झुकला. इतका वेळ तो बायकोवर रुसला होता. आता बघता बघता तिच्या बाजूला जाऊन बसला, आपली खुर्ची ओढून, खरोखरच. "मागच्या खोलीतल्या दोघींना घरी पाठवायचं. खालची यंत्रं जाणार. बाबांनी उभं केलेलं सगळं जाणार. कशासाठी? आपलेच दात, आपलेच ओठ. पाव फेरा या शहरात ओळखतो कोण?"

"मी."

"तुझ्याशिवाय?"

"दादा, मी त्या दिव्याला गुण दिले ते दिवा चांगला म्हणून की आपला म्हणून, हे मला आता कधीच कळणार नाही. उद्या तो रस्त्यावर लागेल. मी रोज त्याच्याखालून घरी जाणार. रोज मला वाटणार, हा इथे माझ्यामुळे आहे. चांगला असला तरी. चांगला असला तर जास्तच." तिने कोटाची बटणं उगाच चाचपली. "आणि ज्यांनी दुसरे नमुने पाठवले त्यांनाही घरं असतील."

"तू सांगितलंस तर चोरी पकडल्यासारखं दिसेल," वहिनी सावकाश म्हणाली. "मी काही चोरलेलं नाही."

"नाही सांगितलं तर मी चोरल्यासारखं होईल."

"म्हणजे दोघींपैकी एकीने बदनाम व्हायचं. नणंदेने की भावजयीने, एवढंच ठरवायचं." वहिनीने बटाट्यांचं ताट बाजूला सारलं. "माझी पहिली वस्तू आहे गं ती. नाटकातला उजेड पडदा पडला की संपतो. मला एकदा तरी न संपणारा करायचा होता."

या बाईसोबत धाकटी इतकी वर्षं जेवली होती, आणि हे वाक्य तिला आज ऐकायला मिळत होतं.

"तो खाली काढ," बाबा म्हणाले.

दादाने शिडी लावून दिवा काढला आणि फडक्यात धरून टेबलावर ठेवला. बाबांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. स्क्रूपाशी आल्यावर अंगठ्याचं थरथरणं थांबलं. टेबलाच्या एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला सून. दोघींनीही नकळत दिव्याला हात लावला होता.

"दोघींनी दोन बाजूंनी ओढू नका," ते म्हणाले. "स्क्रूचे आटे जातात."

एवढंच बोलून त्यांनी वाटी पुढे केली आणि आणखी सूप मागितलं. धुकं खिडकीवरून जरा सरकलं होतं. त्यांना पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेलं काहीतरी निळं दिसलं. ते तिकडे बघत बसले.

वहिनीने वाटी भरली. मग डाव तसाच हातात धरून म्हणाली, "किती वाजता जातेस?"

"ऑफिस उघडलं की."

"मीही येते. तू एकटी गेलीस तर ती तक्रार होईल. दोघी गेलो तर माहिती होईल."

"बाद होऊ शकतो, वहिनी. खरंच होऊ शकतो."

"होऊ दे. पण बाद झाला तर नणंदेमुळे होऊ दे. दिव्यात खोट निघाली म्हणून नको." आणि मग, नेहमीच्या आवाजात: "आता तरी तो कोट काढ. माझ्या घरात थंडी वाजत नाही कुणाला."

धाकटीने कोट काढला.

सोमवारी अध्यक्षबाईंनी दोघींचं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही न थांबवता. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नणंद," त्या म्हणाल्या. "आज नणंद, उद्या साडू, परवा मामेसासरे. मग आपण एक काम करू, जे नातेवाईक नाहीत त्यांचीच यादी करू. ती लहान होईल." त्या हसल्या नाहीत. "आपण विचारलंच नव्हतं, म्हणून उत्तर खोटं ठरत नाही. दिवा राहील. नातं तुम्ही आत्ता, पाकिटं बंद असताना लिहून द्या. ते मी समितीला वाचून दाखवीन. तुमचे गुण मात्र जातील," त्या धाकटीकडे वळल्या, "सगळ्याच नमुन्यांचे. सगळ्यांनीच राखीव नमुनेही दिलेत, ते नव्याने तापवू, नवे आकडे लावू. पाणीखात्यातले इंजिनीअर तपासतील. त्यांना कुठला कुणाचा ते कळणार नाही."

"ते कुणालाच चांगलं म्हणत नाहीत," धाकटी म्हणाली.

"म्हणूनच."

चाचणी बुधवारी होती. धाकटीला आत जायची मुभा नव्हती आणि टेबलाशी बसवत नव्हतं. ती सभागृहाबाहेरच्या बाकावर येऊन बसली तेव्हा वहिनी आधीच तिथे होती, मांडीवर हातमोजे ठेवून. अध्यक्षबाई आत जाताना क्षणभर थांबल्या. "बसा. पण दिव्याबद्दल बोलायचं नाही. हवेबद्दल बोला."

दार लागलं. दाराच्या वर काचेची अरुंद पट्टी होती. पडदा तिथवर पोचत नव्हता. आत एकेक दिवा लागे आणि ती पट्टी रंग बदले. एकदा बर्फासारखी पांढरी, इतकी की समोरच्या भिंतीवर दोघींच्या सावल्या दचकून उभ्या राहिल्या. एकदा पिवळी. एकदा तर आत अंधारच असावा असं वाटलं, आणि मग धाकटीच्या लक्षात आलं, की हा दिवा वर काहीच जाऊ देत नाही. तिने मान फिरवून कॉरिडॉरच्या खिडकीकडे पाहिलं. वहिनीनेही तिकडेच पाहिलं.

"आज धुकं दाट आहे," वहिनी म्हणाली.

"नदीवर जास्त आहे."

"बाबांनी सकाळी निळी वाटी हुडकून काढली. माझ्या लग्नातली. मला वाटायचं ती करडी आहे."

आतून इंजिनीअरचं पुटपुटणं ऐकू येत होतं. "हा धरलाय. हलत नाही. पुढचा." पत्र्याच्या वाडग्यावर पेचकस आपटला. "याचा आटाच गेला. कोण बनवतं असलं? पुढचा." आणि मग बराच वेळ काही नाही.

वाडग्यात एक स्क्रू पडला. छोटासा, स्वच्छ आवाज. मग दुसरा, मग तिसरा, मग आणखी एक, घाई नसलेले, एखाद्याने झाडाखाली उभं राहून पिकलेली फळं खुडावीत तसे.

"हे कुणी बसवलंय?" आत इंजिनीअरने विचारलं.

आत कुणालाच माहीत नव्हतं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या दोघींना माहीत होतं.

धाकटीने आपला उजवा हात उलटा करून पाहिला. शुक्रवारी तो खोटं बोलला नव्हता. बाकावर दोघींमध्ये हातभर जागा होती; वहिनीने हातमोजे उचलून त्या जागेत ठेवले आणि त्यांच्यावर आपला हात ठेवला. धाकटीने त्याच्यावर आपला ठेवला, घट्ट धरला, आणि मग थोडा सैल सोडला.

"हवा निवळतेय," वहिनी म्हणाली.

"हो," धाकटी म्हणाली. "पलीकडचा काठ दिसायला लागलाय."